माध्यमिक शाळेची इमारत: टप्पे कशाचे पाडायचे?

महाराष्ट्रात माध्यमिक शाळेची इमारत एका दमात उभी राहिली, असे क्वचितच घडते. बहुतेक इमारती पंधरा-वीस वर्षे वाढत राहतात. आधी चार खोल्या होतात, मग कार्यालय, मग कुणाच्या तरी स्मरणार्थ सभागृह. त्यावर अर्धवट मजला येतो आणि शेवटी मागच्या बाजूला पत्र्याची शेड. या वाढीला ‘टप्प्याटप्प्याने बांधकाम’ म्हणण्याची पद्धत असली, तरी टप्पे आधी ठरवून पाडलेले फार थोड्या ठिकाणी दिसतात. बाकी ठिकाणी ते पडत गेलेले असतात. शाळा टप्प्यांत बांधावी की एकदम, हा प्रश्न आपल्याकडे प्रत्यक्षात उरलेलाच नाही, कारण एकदम बांधण्याइतका पैसा कोणाकडेच एकाच वेळी नसतो. खरा प्रश्न टप्पा कुठे तोडायचा हा आहे. आज तो पैसा संपतो तिथे तुटतो. तो विद्यार्थ्यांच्या वाटचालीवर तोडला पाहिजे आणि प्रत्येक टप्पा, त्या घडीला कितीही लहान असला तरी, पूर्ण शाळा असला पाहिजे, असे या लेखाचे म्हणणे आहे.

आधी इमारत आणि मग शाळा, हा क्रम आपल्या परंपरेत नाही, हे सुरुवातीलाच मान्य करायला हवे. १८८० साली चिपळूणकर, टिळक आणि नामजोशी यांनी पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल काढले, ते वाड्यात. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये काले येथे रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली, १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह सुरू केले आणि संस्थेचे महाराजा सयाजीराव हायस्कूल आले ते १९४० मध्ये. मधल्या काळात विद्यार्थ्यांचे श्रम आणि गावोगावची धान्याची व पैशांची मदत यांवर काम चालले. ग्रामीण महाराष्ट्रातल्या कित्येक हायस्कुलांनी पुढे हाच मार्ग धरला. देवळाच्या ओवरीत किंवा चावडीत वर्ग भरवायचे, मान्यता मिळवायची आणि मग जागा शोधायची. या क्रमाने लाखो मुले शिकली, त्यामुळे त्याला नावे ठेवणे सोपे नाही. पण त्या काळी इमारतीकडून अपेक्षाच कमी होत्या. प्रयोगशाळा, मुलींसाठी स्वतंत्र स्वच्छतागृह, रॅम्प, अग्निसुरक्षा, भूकंपरोधक आराखडा यांपैकी काहीही नसले तरी शाळा शाळाच मानली जाई. आज ती मानता येत नाही. ओवरीतून निघालेली संस्था जेव्हा काँक्रीटमध्ये पैसा घालते, तेव्हा ओवरीच्या काळातले धोरण तिच्या कामाचे राहत नाही.

या पडत गेलेल्या टप्प्यांचे मूळ पैशाच्या वाटांत आहे. अनुदानित शाळेत शासन मुख्यतः पगार देते आणि वेतनेतर अनुदानाचा थोडा भार उचलते. भिंती संस्थेने उभारायच्या. त्यातही २००१ च्या ‘कायम विनाअनुदान’ धोरणानंतर आलेल्या शाळांना हा ‘कायम’ शब्द २००९ मध्ये निघेपर्यंत अनुदानाची आशाच नव्हती; पुढे अनुदान आले ते २० टक्के, ४० टक्के अशा पायऱ्यांनी. पगाराचीच ही गत असेल, तर बांधकामाला उरणार काय? मग आमदार निधीतून दोन खोल्या, माजी विद्यार्थ्यांच्या वर्गणीतून एक, एखाद्या कंपनीच्या सामाजिक दायित्व निधीतून संगणक कक्ष, असे तुकडे जोडले जातात. देणगीदाराला खोली द्यायला आवडते, कारण खोलीवर संगमरवरी पाटी बसते. सेप्टिक टँकवर आजवर कोणी नावाची पाटी लावलेली नाही. जिल्हा परिषदेच्या बाबतीत देणगीदाराची जागा लेखाशीर्ष घेते. ज्या शीर्षाखाली निधी आला तेवढ्याचेच अंदाजपत्रक होते, त्यालाच प्रशासकीय आणि तांत्रिक मान्यता मिळते, निविदा तेवढ्याचीच निघते. पुढच्या निधीला नवे अंदाजपत्रक, नवी निविदा, बहुतेक वेळा नवा ठेकेदार. प्रत्येक टप्पा आपापल्या कागदपत्रांत निर्दोष असतो. सगळे मिळून शाळा होते का, हे पाहणारा कागद कुठल्याच फाइलमध्ये नसतो.

उलट, शाळेची स्वतःची वाढ कमालीची नियमित असते. शिक्षण खात्याच्या भाषेत तिला नैसर्गिक वाढ म्हणतात. आठवीचा वर्ग सुरू झाला की पुढच्या जूनमध्ये नववी, त्यापुढच्या जूनमध्ये दहावी. प्रत्येक इयत्तेच्या दोन तुकड्या आणि तुकडीत चाळीस मुले धरली, तर पहिल्या वर्षी ८०, दुसऱ्या वर्षी १६० आणि तिसऱ्या वर्षी २४० विद्यार्थी. वर्गखोल्या दोन, चार, सहा. शाळा पाचवीपासून असेल तर हीच चढण सहा वर्षांची होते आणि १२ खोल्या व ४८० मुलांवर थांबते. ग्रामीण जीवनातल्या फार थोड्या गोष्टींचे भाकीत इतके नेमके करता येते. पाऊस, बाजारभाव, निवडणूक, कशाचेच येत नाही. आज आठवीत बसलेली मुलगी दोन वर्षांनी दहावीत असणार आणि तेव्हा तिला विज्ञानाचे प्रात्यक्षिक द्यावे लागणार. टप्पे पाडायला याहून चांगली मोजपट्टी नाही.

ही पट्टी लावली की पहिल्या टप्प्याचे स्वरूपच बदलते. सध्याच्या रिवाजात पहिल्या टप्प्यात वर्गखोल्या आणि मुख्याध्यापकांचे कार्यालय येते. प्रयोगशाळा, ग्रंथालय, स्वच्छतागृहे ‘नंतर’. पण पहिल्या वर्षीच्या ८० मुलांनाही स्वच्छतागृह पहिल्याच दिवशी लागते. २०१४ च्या स्वच्छ विद्यालय मोहिमेत ४० विद्यार्थ्यांमागे एक शौचालय हे प्रमाण धरले होते. त्या हिशेबाने दोन युनिटे पहिल्या जूनमध्ये हवीत, त्यातले एक मुलींचे, पाण्यासह. प्रयोगशाळेचा प्रश्न तर जरा चतुराईने सुटतो. सीबीएसईच्या मानकात वर्गखोली साधारण ८ बाय ६ मीटर आणि प्रयोगशाळा ९ बाय ६ मीटर आहे. राज्य मंडळाच्या शाळेला हे मानक लागू नसले तरी त्यातून दिसणारी गोष्ट उपयोगी आहे. दोन्ही खोल्यांत फरक जेमतेम एका मीटरचा. पहिल्याच टप्प्यात दोनपैकी एक खोली ९ मीटरची बांधली, तिच्या फरशीखालून पाण्याची आणि सांडपाण्याची नळी टाकून ठेवली, तर ती दोन वर्षे वर्ग म्हणून वापरता येते आणि मुले दहावीत पोचताच ओटे बसवून प्रयोगशाळा होते. रिकामी पडून राहिली असे कोणी म्हणू शकत नाही, आणि नंतर फरशी फोडायचीही वेळ येत नाही. ग्रंथालय, कर्मचारी कक्ष यांचेही असेच जमते. कार्यालय मात्र थांबू शकते. मुख्याध्यापक वर्षभर व्हरांड्याच्या टोकाला बसले म्हणून कोणाचे शिक्षण अडत नाही.

पहिल्या टप्प्यात आणखी एक गट येतो: ज्या गोष्टी नंतर जोडताच येत नाहीत, किंवा जोडायच्या तर तोडफोड करावी लागते. जमिनीची तपासणी त्यात सर्वांत आधी. मराठवाडा-विदर्भातली काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते, आणि वरच्यावर घेतलेला पाया तिच्याबरोबर हलत राहतो. भिंतीला खिडकीच्या कोपऱ्यातून तिरक्या भेगा जातात त्या बहुधा इथूनच. अशा जमिनीत पाया कठीण थरापर्यंत न्यायचा की खाली फुगीर टोक असलेले पाइल घ्यायचे, हा निर्णय दोन खोल्यांसाठी आणि बारा खोल्यांसाठी वेगवेगळा घेता येत नाही. भूकंपाचेही तसेच. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी हादरली, तेव्हा तो भाग भूकंप-नकाशावर सर्वांत कमी धोक्याच्या, पहिल्या पट्ट्यात होता. २००२ च्या सुधारणेत पहिला पट्टाच रद्द झाला आणि लातूर तिसऱ्यात गेले. भारतीय मानकात शाळेच्या इमारतीचा भूकंपभार साध्या घराच्या दीडपट धरायला सांगितले आहे. हा हिशेब पुऱ्या इमारतीचा असतो. आज तळमजल्यापुरता केला आणि सात वर्षांनी वर दोन मजले चढवले, तर पहिला हिशेब निकामी होतो.

गच्चीवर सोडलेल्या गजांविषयी इथे थोडे थांबायला हवे, कारण तो आपल्या टप्प्यांचा सर्वांत ठळक पुरावा आहे. पुढच्या मजल्यासाठी कॉलमचे गज वर ठेवायचे आणि वाट पाहायची, हा रिवाज गावोगावी दिसतो. गज उघडे राहिले की गंजतात. गंज चढलेल्या गजाची आकारवाढ खालच्या काँक्रीटला फोडते. त्या फटीतून पाणी स्लॅबमध्ये उतरते. सिमेंटचा घोल लावून किंवा कच्च्या काँक्रीटने झाकून ते काही काळ टिकवता येतात, पण ‘काही काळ’ आणि पंधरा वर्षे यांत अंतर आहे. वरचा मजला कधी येणार याची तारीख सांगता येत नसेल तर गज सोडूच नयेत. जमीन मुबलक असलेल्या गावात त्यापेक्षा दुसरी स्वतंत्र, स्वतःचा पाया आणि जिना असलेली, मध्ये सांधा सोडलेली इमारत बांधावी. शहरात, जिथे वर जाण्यावाचून गत्यंतर नाही, तिथे उलटे करावे: सगळा सांगाडा, म्हणजे पाया, कॉलम, तुळया आणि स्लॅब, पहिल्यांदाच पूर्ण करावा आणि भिंती, फरश्या, दारे टप्प्यांनी भरावीत. हा मार्ग सुरुवातीला महाग वाटतो, पण सांगाड्याचे काम मुले यायच्या आत एकदाच आटोपते. भिंतीचे काम डोक्यावर होत नाही; स्लॅबचे होते.

आणि डोक्यावर काम चालू असलेली शाळा, ही टप्प्यांची दुसरी न बोलली जाणारी बाजू. आपल्याकडे बांधकामाचा हंगाम दिवाळी ते मे आणि शाळेचे वर्ष जून ते एप्रिल; म्हणजे हंगामाचा मोठा भाग मुले आवारात असतानाच जातो. मोठी स्लॅब साडेचार मीटरहून जास्त गाळ्याची असेल तर खालचे टेकू मानकाप्रमाणे १४ दिवस ठेवावे लागतात, सहा मीटरहून लांब तुळईखालचे २१ दिवस. बाजारात बहुतेक ठिकाणी मिळणाऱ्या मिश्र सिमेंटला किमान दहा दिवस पाणी मारावे लागते. मराठवाड्यात एप्रिल-मेमध्ये प्यायला टँकर येतो, तिथे स्लॅब शिंपायला पाणी कुठले? म्हणून घाईत टाकलेली उन्हाळी स्लॅब ही कित्येक शाळांची जन्मजात कमजोरी ठरते. वेळापत्रक मागे नेऊन बघितले तर उत्तर साधे आहे. जूनला खोली हवी तर पाया दिवाळीच्या सुट्टीत, स्लॅब जानेवारीपर्यंत, विहिरीला पाणी असताना. उन्हाळ्याला गिलावा, फरशी, रंग उरतात. पण हे तेव्हाच जमते जेव्हा निविदा पावसाळ्यात निघते, आणि निविदा पावसाळ्यात निघण्यासाठी टप्पा आधीच्या वर्षीच ठरलेला असावा लागतो. मार्चअखेरीस निधी संपवण्याची धावपळ या साखळीच्या नेमक्या उलट चालते. ठेकेदाराच्या गाड्यांना वेगळे फाटक आणि कामाच्या जागेला पत्र्याचा आडोसा, या दोन गोष्टी अंदाजपत्रकात नोंदलेल्या असल्या तरच प्रत्यक्षात येतात.

अर्धवट इमारतीत मुले बसवण्याची किंमत आपण मोजून चुकलो आहोत. १६ जुलै २००४ रोजी तमिळनाडूतल्या कुंभकोणम येथे स्वयंपाकघरातली आग शाळेच्या गवती छपराला लागली आणि ९४ मुले गेली. पक्क्या इमारतीला जोडलेले ते तात्पुरते छप्पर होते. त्या प्रकरणातून पुढे आलेल्या याचिकेवर २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शाळांच्या इमारतींना राष्ट्रीय इमारत संहितेचे निकष लावण्याचे निर्देश दिले. जुलै २०२५ मध्ये राजस्थानातल्या झालावाड जिल्ह्यात पिपलोदी येथे शाळेचे छत कोसळून सात मुले दगावली. तिथे प्रश्न जीर्ण इमारतीचा होता. दोन घटनांची कारणे वेगळी आहेत, पण इमारतीचा एखादा भाग सध्यापुरता चालवून घेण्याची सवय दोन्हींत दिसते. तात्पुरत्या भागाला काढण्याची तारीख ठरवली नाही तर तो कायमचा होतो. पत्र्याच्या शेडला मंजुरी देतानाच ती कोणत्या जूनला रिकामी होणार हे लिहून घेतले पाहिजे.

या सगळ्यावर पहिला आक्षेप अर्थातच पैशाचा येतो: निधी तुकड्यातुकड्यांनी येतो तर टप्पे दुसरे कशाचे पाडणार? आक्षेपात तथ्य आहे, पण निधीचा क्रम संस्थेच्या हातात अजिबात नसतो असे नाही. देणगीदारापुढे खोल्यांची यादी ठेवली की तो खोली निवडतो. ‘पहिला टप्पा, इतके विद्यार्थी, इतकी रक्कम’ असा संच ठेवला तर तो संचातला हिस्सा उचलतो, आणि पाटी टप्प्याला लावता येते, ज्यात सेप्टिक टँकही आला. कंपन्यांच्या सामाजिक दायित्व निधीच्या नियमांत आता सुरुवातीचे वर्ष सोडून तीन वर्षांपर्यंतचा चालू प्रकल्प मान्य आहे. आठवी ते दहावीची चढण त्या मुदतीत बसते. जिल्हा परिषदेलाही संपूर्ण आराखड्याला एकदाच तांत्रिक मान्यता घेऊन निधीप्रमाणे भाग काढण्यावाचून दुसरा शहाणा मार्ग नाही. पैसा तुकड्यांनी आला तरी आराखडा तुकड्यांनी येण्याची सक्ती नसते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि त्याला उडवून लावता येत नाही: मुलेच कमी होत आहेत, मग नवी माध्यमिक शाळा कशाला, आणि पुढच्या टप्प्यांसाठी आज पाया कशाला? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्राचा एकूण जननदर १.७ आला, म्हणजे पिढी स्वतःची संख्या टिकवू शकत नाही इतका खाली. २०२३ मध्ये राज्यात वीसपेक्षा कमी पटाच्या चौदा हजारांहून अधिक शाळांवरून समूह शाळांचा प्रस्ताव पुढे आला. पानशेत आणि तोरणमाळ ही त्याची उदाहरणे म्हणून सांगितली गेली. राष्ट्रीय माध्यमिक शिक्षा अभियानाने २००९ मध्ये पाच किलोमीटरच्या आत माध्यमिक शाळा असे उद्दिष्ट ठेवले होते. पण जिथे एसटी नियमित येते आणि अहिल्याबाई होळकर योजनेत मुलींना मोफत पास मिळतो, तिथे सहा किलोमीटरवरची चांगली शाळा तीन किलोमीटरवरच्या मोडक्या शाळेपेक्षा बरी, हे पालक आपापल्या पायांनी दाखवून देतात. तेव्हा पहिला निर्णय बांधायचे की नाही हाच असला पाहिजे, आणि तो शेजारच्या प्राथमिक शाळांच्या पहिली ते सातवीच्या हजेरीपटांवरून घेता येतो. पुढच्या सात वर्षांतली आठवी आज त्या शाळांत बसलेली आहे. तिच्यासाठी जनगणनेची वाट पाहायला नको.

पण याच आक्षेपातून या लेखातल्या सूचनेला बळ मिळते. भविष्य अनिश्चित असेल तर प्रत्येक टप्पा पूर्ण असणे आणखीच गरजेचे होते, कारण दुसरा टप्पा कधी येणारच नाही अशी शक्यता खरी आहे. २४० मुलांसाठी योजलेली शाळा १६० वर थांबली तर तिच्याकडे १६० मुलांना पुरणारी स्वच्छतागृहे, प्रयोगशाळा आणि मैदान असले पाहिजे. आज अशी शाळा थांबते तेव्हा तिच्याकडे चार खोल्या, एक भव्य कमान आणि गच्चीवर गज असतात. आणि अपुरी इमारत स्वतःच शाळेला थांबवते, हेही ध्यानात घ्यावे. प्रयोगशाळा नाही, मुलींना स्वच्छतागृह नाही, म्हणून पालक नववीला मुलीला तालुक्याला पाठवतात किंवा घरी ठेवतात, पट घसरतो, संचमान्यतेत पदे कमी होतात, विज्ञानाचा शिक्षक अतिरिक्त ठरतो, मग दुसरा टप्पा मागायला आधारच उरत नाही. २०२१-२२ च्या यूडायस आकडेवारीत देशभरात माध्यमिक स्तरावरची गळती १२.६ टक्के होती, प्राथमिकच्या तुलनेत कितीतरी जास्त. तिची कारणे घरची गरिबी, लग्न, काम अशी अनेक आहेत. शाळेची इमारत त्यातले एकच. पण बांधणाऱ्याच्या हातातले तेवढेच आहे.

राहतो तो घाईचा आक्षेप: मुले आज आठवीत आहेत, आराखडे होईपर्यंत त्यांनी काय करायचे? यासाठी वाड्याची परंपरा उपयोगी पडते. भाड्याची जागा, जिल्हा परिषद शाळेच्या दुपारच्या रिकाम्या खोल्या, समाजमंदिर, हा शून्यावा टप्पा मानून त्याचे भाडे सरळ अंदाजपत्रकात धरावे. एक वर्ष भाडे भरणे हे अर्ध्या बांधलेल्या तळमजल्यात मुले बसवण्यापेक्षा स्वस्त आणि सुरक्षित पडते, आणि त्या वर्षभरात जमिनीची तपासणी, झाडे, कुंपण आणि विहीर होऊन जाते. झाडांचे टप्पे पाडता येत नाहीत. पहिल्या पावसाळ्यात लावलेला कडुनिंब किंवा करंज पहिली तुकडी दहावीला बसेपर्यंत जेमतेम सावली देऊ लागतो. मैदानाची हद्दही त्याच वर्षी दगड पुरून पक्की करावी, नाहीतर दुसऱ्या टप्प्याची इमारत हमखास मैदानावरच येते, कारण तीच एक सपाट आणि मोकळी जागा उरलेली असते.

शेवटचा मुद्दा कागदांचा. दुसऱ्या टप्प्याचा अभियंता पहिल्या टप्प्याचा नसतो, संचालक मंडळ बदललेले असते, मुख्याध्यापक निवृत्त झालेले असतात. पायात किती खोल गेलो, कॉलममध्ये किती गज आहेत, काँक्रीटच्या ठोकळ्यांची चाचणी काय आली, सांडपाण्याची नळी कुठून गेली, हे कोणालाच ठाऊक नसते. मग नवा अभियंता एक तर भीतीपोटी सगळे नव्याने बांधतो, किंवा अंदाजाने वर चढतो. जमिनीचा अहवाल, प्रत्यक्ष झालेल्या कामाचे नकाशे आणि चाचण्यांचे निकाल शाळेच्या दप्तरात जनरल रजिस्टरच्या शेजारी ठेवावेत, एक प्रत जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागाकडे असावी, आणि ठेकेदाराचे शेवटचे बिल या कागदांची पोच मिळाल्यावरच निघावे.